चयापचयी लक्षणसमूह व लिंगभेद

कंबरेभोवतीची मेदवृद्धी, वाढलेला रक्तदाब, रक्तातील ग्लुकोजाचे व ट्रायग्लिसराइडांचे वाढलेले प्रमाण आणि उच्च घनतेच्या लिपोप्रथिनांतील कोलेस्टेरॉलाचे घटलेले प्रमाण, यांपैकी तीन वा अधिक लक्षणे एकाच व्यक्तीत आढळल्यास त्या अवस्थेला सामान्यतः चयापचयी लक्षणसमूह म्हणतात. मधुमेह व हृद्‌विकार यांचा धोका त्यामुळे वाढतो.

या लक्षणसमूहाच्या इतिहासात स्वीडिश वैद्य क्यूलीन (१९२३) व अमेरिकन वैद्य जेरल्ड रीव्हन (१९८८) यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. तथापि लिंगभेदाकडे लक्ष त्यांनी नव्हे, तर मार्से येथील झां वाग यांनी १९४७ मध्ये वेधले. स्थूलता किती आहे यापेक्षा मेद कोठे साठला आहे हे अधिक महत्त्वाचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. धडाच्या वरच्या भागातील मेदसंचयास त्यांनी ‘पुरुषी’ आणि नितंब व मांड्यांवरील संचयास ‘स्त्रैण’ असे म्हटले. पहिला प्रकार स्त्रियांतही आढळतो व तोच मधुमेह, रोहिणीविकार आणि संधिवाताचा एक प्रकार (गाउट) यांच्याशी निगडित असतो, हे त्यांनी १९५६ मध्ये सविस्तर मांडले. या विचाराची दीर्घकाळ उपेक्षा झाली. १९८४ मध्ये गॉथनबर्ग येथील पाहण्यांतून त्यास पुष्टी मिळाली. तेथील ७९२ पुरुषांची सु. १३ वर्षे व १,४६२ स्त्रियांची १२ वर्षे नोंद ठेवली असता, कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर हृद्‌विकाराचे सूचक ठरले.

या भेदामागे लिंग हॉर्मोने आहेत, हे उघड असले, तरी त्यांचे कार्य सरळ नाही. आशार व त्येर यांनी १९२१ मध्येच दाढी उगवलेल्या स्त्रियांतील मधुमेहाचे वर्णन केले होते. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉनाचे आधिक्य व पुरुषांत त्याची न्यूनता, या दोन्ही अवस्थांत इन्शुलिनाला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला आढळतो. स्त्रीमदजन हे केवळ स्त्रियांचे हॉर्मोन होय, ही समजूतही टिकली नाही. १९९४ मध्ये वर्णन केलेल्या एका पुरुषात स्त्रीमदजनाचे ग्राही सदोष होते. त्याच्या रक्तात इन्शुलीन अधिक असून ग्लुकोजाचा उपयोग करण्याची क्षमता घटलेली होती.

ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन घटते व मेद उदरपोकळीत साठू लागतो. म्हणून ते हॉर्मोन बाहेरून दिल्यास हृदयाचे रक्षण होईल, अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील व्यापक चाचणीत २००२ मध्ये ती फोल ठरली. स्त्रीमदजन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत हृद्‌विकार घटला नाही. उलट त्याचे प्रमाण किंचित वाढले. मधुमेह मात्र कमी झाल्याचे पुढे दिसून आले. म्हणजेच लक्षणसमूहाच्या एका अंगास उपकारक ठरणारे हॉर्मोन दुसऱ्या अंगास तसे ठरेलच, असे नाही.

निदानाच्या निकषांत मात्र लिंगभेदाला स्थान मिळाले आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. वा त्याहून अधिक कंबरेचा घेर धोकादायक मानला जातो. रोगाची चाहूल घेण्यास वजनकाट्याच्या जोडीला मोजपट्टी हवी, हा वाग यांच्या विचाराचा व्यवहारातील अर्थ होय.