मोझार्टच्या घरच्यांची कबर

आज साल्झबर्गला जाऊ. मोझार्टचं जन्मघर सगळेच बघतात, चॉकलेटं घेतात आणि गाडी पकडतात. मी मात्र नदी ओलांडून लिंत्सरगासं या रस्त्यावरच्या सेंट सेबास्टियनच्या दफनभूमीत गेलो. चारी बाजूंनी कमानी, मधोमध आर्चबिशप वोल्फ डीट्रिशची समाधी आणि एका वाटेच्या कडेला मोझार्ट कुटुंबाचा दगड.

दगडावरची नावं वाचताना मी थबकलोच. वडील लिओपोल्ड, 1787 साली गेलेले. आजी पेर्टल, नातू जन्मण्याआधीच, 1755 साली वारलेली. बायको कॉन्स्टान्झ, 1842. तिची चुलती गेनोफेफा, म्हणजे संगीतकार कार्ल मारिया फोन वेबरची आई. भाची जानेट, वय अवघं सोळा. कॉन्स्टान्झचा दुसरा नवरा निसेनही इथलाच. डॅनिश मुत्सद्दी, त्याने बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं जाडजूड चरित्र लिहायला घेतलं आणि ते छापून यायच्या आधीच तो गेला. असं काम करायला मोठं मन लागतं, नाही का?

एवढी माणसं आहेत, पण ज्याच्यामुळे आपण इथे येतो तो नाही. तो 1791 मध्ये व्हिएन्नाच्या सेंट मार्क्समध्ये पुरला गेला, साध्या कबरीत. त्यात भिकारपण नव्हतं; सम्राट दुसऱ्या जोसेफच्या काळात मध्यमवर्गाची तीच रीत होती आणि काही वर्षांनी ती जागा पुन्हा वापरात येई. म्हणून नेमकी जागा हरवली. आई 1778 मध्ये पॅरिसला गेली, तिथेच राहिली. मुलांपैकी धाकटा कार्ल्सबाडमध्ये, थोरला मिलानमध्ये. दोघांनीही लग्न केलं नाही, वंश तिथेच थांबला. ग्वाल्हेरला तानसेनाची कबर त्याच्या पीराच्या शेजारी बघून आलेल्या आपल्या माणसाला ही पांगापांग चटकन जाणवते.

पण मला खरी रुखरुख लागली ती नानेर्लची. मोझार्टची थोरली बहीण. 1763 पासून तीनेक वर्षं दोघं भावंडं युरोपभर एकत्र वाजवत फिरली. तीही कौतुकाची वादक होती. मोठी झाल्यावर तिचे दौरे थांबले, भावाचे चालू राहिले. वडिलांनी आणि भावाने लिहिलेली शेकडो पत्रं जपली गेली, म्हणून आपल्याला हे घर इतकं जवळून कळतं. नवरा गेल्यावर ती साल्झबर्गला परतली आणि पियानो शिकवू लागली. पुढे भावजयही याच गावात राहायला आली. नणंद-भावजयींचं फारसं सख्य नव्हतं. 1829 मध्ये इंग्लंडहून नोवेलो दांपत्य दोघींना भेटून गेलं, तेव्हा नानेर्ल आंधळी होऊन अंथरुणाला खिळली होती. त्याच वर्षी ती गेली.

तिचे वडील इथे, पोटची मुलगी जानेट इथे. ती मात्र इथे नाही. त्याच गावात, नदीपलीकडे, सेंट पीटरच्या दफनभूमीत आहे.

मी वीसएक मिनिटं चालत तिथे गेलो. डोंगराच्या कड्याखाली सार्वजनिक तळघर आहे, मिखाएल हायडनही तिथेच. लोक त्याच्या नावाचे फोटो काढत होते. नानेर्लचं नाव मला थोडं शोधावं लागलं.