महात्माजींचा आवाज आणि चित्रें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें, रुमाल आणि मोडी कागद उभे राहतात. पुढाऱ्याचा आवाज हेंही साधनच होय, ही जाणीव आपणांस उशिरा झाली.

गांधीजींचेंच उदाहरण घ्यावें. १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं ते लंडनला गेले असतां कोलंबिया कंपनीनें त्यांचा आवाज मुद्रित केला. राजकारणावर बोलण्याचें नाकारून त्यांनीं ईश्वराविषयींचा आपला जुना लेख वाचून दाखविला. ते वाचणारे गांधीजी झाले. दिल्लींतील अखेरच्या प्रार्थनासभांचीं नभोवाणीनें केलेलीं मुद्रणें निराळीं. तेथें आपल्याला बोलणारे गांधीजी भेटतात. त्यांचा तो हळू, थकलेला स्वर छापील भाषणांत कोठून येणार? म्हणून मूळ मुद्रणांतील खरखर, खोकला, गलका कांहींही पुसूं नये. ऐकणाऱ्यांसाठीं स्वच्छ प्रत हवी तर वेगळी करावी.

छायाचित्रांची कथा याहून नाजूक आहे. नात्यानें नातू लागणारे कनु गांधी सेवाग्रामांत चित्रें घेऊं लागले. बिर्लांनीं कॅमेऱ्यासाठीं शंभर रुपये दिले. बापूंच्या अटी तीन : प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाहीं, 'असे बसा' म्हणावयाचें नाहीं, आणि आश्रमाकडे पैसा मागावयाचा नाहीं. फेब्रुवारी १९४४ मध्यें आगाखान पॅलेसांत कस्तुरबा अखेरच्या घटका मोजीत होत्या, तेव्हां मात्र त्यांनीं चित्र घेऊं दिलें नाहीं, असें सांगतात. माझ्या मतें हें न घेतलेलें चित्रही संग्रहाच्या यादींत नोंदविलें पाहिजे. माणसानें काय दाखवूं दिलें नाहीं, यावरूनही तो कळतो.

आतां वस्तूंची गोष्ट. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्यांवरचा लाखेसारखा लेप वाळून तडकतो, आणि सुई फिरेल तितका आवाज झिजतो. जुनी नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते व पेटही घेते. दमट हवेंत चित्रावर बुरशी धरते. थंड, कोरडी खोली आणि वेळेवर केलेली प्रत, एवढेच उपाय. आणि आपल्याकडे पहिल्यासाठींच पैसा नसतो!

परंतु त्याहूनही लवकर नाहींशी होते ती ओळख. 'महात्माजी सेवाग्रामांत' एवढेंच चित्रामागें लिहिलेलें असतें. शेजारीं उभ्या असलेल्या चारपांच माणसांचीं नांवें सांगूं शकणारे आतां फार थोडे उरले आहेत. त्यांच्याकडे पेन्सिल घेऊन आधीं गेलें पाहिजे, खोली मागाहून बांधतां येईल.