उसना प्रकाश

हल्लीं पुष्कळ घरांतून एक खेळ पाहावयास मिळतो. घरांतील मुलगा मोबाईल हातांत घेतो, त्याचा कॅमेरा दिवाणखान्याच्या मोकळ्या कोपऱ्याकडे वळवितो, आणि दुकानांत विकावयास ठेवलेली एखादी खुर्ची त्या कोपऱ्यांत मांडून दाखवितो. कोपरा खरा, खुर्ची मात्र पडद्यावरची. तिच्या मापांत चूक नसते, रंग उत्तम असतो, लांकडाच्या रेषाहि स्पष्ट दिसतात. तरीहि वडील मंडळी एक क्षण पाहून म्हणतात, "ही कांहीं आपल्या घरांतली वाटत नाहीं." कां वाटत नाहीं, हें त्यांस सांगतां येत नाहीं. जरा निरखून पाहिलें म्हणजे कारण सांपडतें. खोलींत उजेड पश्चिमेच्या खिडकींतून येत असतो, आणि खुर्चीवर तो डोक्यावरून पडलेला असतो. शेजारच्या टेबलाची सांवली लांबवर पसरलेली असते, आणि खुर्चीच्या पायांशीं जी काय सांवली असेल ती भलत्याच दिशेची. खुर्ची घरांत आली. पण घराचा प्रकाश तिला लाभला नाहीं.

या लहानशा अनुभवांत एका मोठ्या विद्येचा इतिहास सांठलेला आहे. डोळ्यांवर यंत्र चढवून सर्वस्वी रचलेलें जग दाखविणें यास आभासी वास्तव म्हणतात, आणि खऱ्या जगांत रचलेल्या वस्तूंची भर घालून दाखविणें यास संवर्धित वास्तव. नांवें नवीं आहेत, पण उद्योग निदान सहाशें वर्षांचा आहे. त्या उद्योगाचा मागोवा घेतां आम्हांस एक गोष्ट ठळकपणें दिसते. वस्तूचा आकार मनुष्यानें पुष्कळ लवकर साध्य केला. प्रकाश मात्र त्याला पुनःपुन्हां सृष्टीकडून उसना घ्यावा लागला.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं पंधराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत फिलिप्पो ब्रुनेलेस्की यानें केलेला एक प्रयोग या इतिहासाच्या आरंभीं ठेवण्याजोगा आहे. हाच गृहस्थ पुढें तेथील मुख्य चर्चच्या प्रचंड घुमटाचा कर्ता म्हणून अजरामर झाला. त्या चर्चच्या दरवाजाच्या किंचित् आंत उभें राहिलें असतां समोरचें अष्टकोनी बाप्तिस्मागृह जसें दिसतें, तसें त्यानें सुमारें फूटभर औरसचौरस फळीवर रंगविलें. मग त्या फळीला एक भोंक पाडलें. चित्राच्या बाजूस मसुराच्या दाण्याएवढें आणि पाठीमागें रुंदावत गेलेलें. पाहणाऱ्यानें पाठीमागून त्या भोंकास एक डोळा लावावयाचा, दुसऱ्या हातानें चित्रासमोर आरसा धरावयाचा, आणि आरशांतील चित्राचें प्रतिबिंब पाहावयाचें. चित्र योग्य त्या एकाच बिंदूवरून पाहिलें जावें, म्हणून ही योजना. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार अंतोनिओ मानेत्ती यानें ती फळी आपण स्वतः हातीं धरून पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे.

यथार्थदर्शनाच्या गणिताचा हा पहिला विजय म्हणून या फळीचा गौरव होतो, आणि तो यथायोग्यच आहे. पण आमचें लक्ष तिच्या दुसऱ्या एका अंगाकडे जातें. इमारत, चौक, भिंती हें सर्व ब्रुनेलेस्कीनें रंगविलें; आकाश मात्र रंगविलें नाहीं. आकाशाच्या जागीं त्यानें घांसून चकचकीत केलेली चांदी बसविली. तींत खऱ्या आकाशाचें प्रतिबिंब पडे, आणि वाऱ्यानें वाहणारे ढग चित्रांतील इमारतीवरून जातांना दिसत. ज्याच्या गणितापुढें दगडी भिंती नमल्या, त्यानें आकाशाच्या तेजापुढें कुंचला खालीं ठेविला, यांत आम्हांस त्याची हार दिसत नाहीं. कोणती गोष्ट रचतां येते आणि कोणती मागूनच आणावी लागते, हें ओळखण्याचा हा विवेक होता.

परंतु या प्रयोगांत पाहणाऱ्यावर तीन बंधनें होतीं. एक डोळा मिटलेला, मान स्थिर, आणि उभें राहण्याची जागा ठरलेली. पुढील चार-पांच शतकांचा इतिहास हा बव्हंशीं हीं बंधनें एकेक करून सोडविण्याचा इतिहास आहे.

प्रथम मान मोकळी झाली. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं वर्तुळाकार चित्रपटाचें पेटंट घेतलें, आणि १७९३ सालीं लंडनमध्यें लीस्टर स्क्वेअर येथें त्यासाठीं खास गोल इमारत उघडली. प्रेक्षक मध्यभागींच्या चौथऱ्यावर उभा राही आणि चहूंकडे वळून पाही. कोठेंहि चित्राची कड दृष्टीस पडत नसे. चित्रावर प्रकाश वरून, दिवसाचाच पडे. पण तो कोठून येतो हें दिसूं नये म्हणून प्रेक्षकाच्या डोक्यावर छत्रासारखें आच्छादन असे. पुढें १८२२ सालीं पॅरिसमध्यें लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनीं 'दिओरामा' सुरू केला. सुमारें ७० फूट रुंद आणि ४५ फूट उंच अशा अर्धपारदर्शक कापडांवर दोहों अंगांनीं रंगकाम केलेलें असे. उंच खिडक्यांतून व छपरांतून येणारा सूर्यप्रकाश दोऱ्यांनीं हलणाऱ्या झडपांतून आणि रंगीत पडद्यांतून कधीं पुढून, कधीं मागून सोडीत. त्यामुळें एकाच चित्रांत दिवस मावळे, धुकें उतरे, आणि रिकाम्या चर्चमध्यें मध्यरात्रीच्या प्रार्थनेचे दिवे उजळत. येथेंहि चित्र मनुष्याचें आणि प्रकाश सूर्याचा; नवीन होती ती त्या प्रकाशाला दिलेली चाल. १८३९ सालीं दागेरची ही इमारत जळून गेली, आणि त्याच वर्षीं प्रकाशाकडूनच चित्र काढून घेण्याची त्याची दुसरी युक्ति, छायाचित्रण, जगापुढें आली.

दुसरा डोळा उघडण्याचें श्रेय चार्ल्स व्हीट्स्टन याचें. आपले दोन डोळे सुमारें अडीच इंच अंतरावर असल्यानें प्रत्येकास जग किंचित् निराळें दिसतें, आणि या दोन निराळ्या चित्रांचा मेळ घालून मन खोली निर्माण करतें, हें त्यानें १८३८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें सिद्ध केलें. दोन आरसे काटकोनांत बसवून प्रत्येक डोळ्यास स्वतंत्र रेखाचित्र दाखविणारें त्याचें यंत्र म्हणजे आजच्या प्रत्येक हेडसेटचा मूळपुरुष होय. त्याच्या रेखाचित्रांत मुद्दामच छायाप्रकाश ठेविला नव्हता. केवळ रेषांनींहि वस्तु उभी राहते, हें त्याला दाखवावयाचें होतें.

तिसरें बंधन, जागेचें, संगणकानें सोडविलें. १९६८ सालीं आयव्हन सदरलँड यानें डोक्यावर घालावयाचें यंत्र जाहीर केलें. छतापासून खालीं आलेल्या दांड्यावरून डोकें कोठें गेलें व कोणीकडे वळलें हें संगणकास कळे, आणि त्याप्रमाणें दोन छोट्या नळ्यांवरील चित्रें क्षणोक्षणीं बदलत. अर्धपारदर्शक आरशांमुळें पुढची खरी खोलीहि दिसे आणि तींत हवेंत तरंगणारी रेषांची आकृतीहि. मनुष्य तिच्या भोंवतीं हिंडूं लागला. पण ती आकृति म्हणजे नुसता तारांचा सांगाडा होती. तिला पृष्ठभाग नव्हता, सांवली नव्हती. सहाशें वर्षांपूर्वींचें कोडें पुन्हां समोर उभें राहिलें: आकार आला, प्रकाश कोठून आणावा?

या वेळीं प्रथमच प्रकाश स्वतः रचण्याचा कसून यत्न झाला. अमेरिकेंत युटा येथें आंरी गूरो (१९७१) आणि बुई तुओंग फोंग (१९७५) यांनीं वस्तूच्या पृष्ठभागावर छटा व चकाकी आणण्याच्या सोप्या रीति दिल्या. १९८० सालीं टर्नर व्हिटेड यानें डोळ्यापासून उलट दिशेनें किरणांचा माग काढीत आरसे व कांच यांचीं प्रतिबिंबें साधलीं. एखाद्या चित्रास संगणकाचा तासाहून अधिक वेळ लागे. तरीहि हीं चित्रें थंड वाटत. कारण खऱ्या खोलींत प्रकाश केवळ दिव्यांतून येत नाहीं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीशेजारीं तांबडें लुगडें वाळत घातलें, तर भिंतीवर गुलाबी झांक येते. प्रत्येक वस्तु दुसरीकडून थोडा प्रकाश घेते आणि तिसरीला थोडा देते. १९८४ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं रंगीत भिंतींच्या एका पेटीवर ही देवघेव गणितांत बसविली, आणि १९८६ सालीं जेम्स काजिया यानें तिचें सर्वसाधारण समीकरण मांडलें. त्याचा आशय साध्या शब्दांत सांगतां येतो. एखाद्या जागेहून निघणारा प्रकाश म्हणजे तिचा स्वतःचा प्रकाश, आणि इतर सर्व जागांनीं तिला दिलेल्या प्रकाशांतून तिनें परत केलेला हिस्सा. पण त्या इतर जागांचाहि हिशेब असाच एकमेकींवर अवलंबून असतो. म्हणून ही उसनवारीची वही कधीं पुरी मिटत नाहीं, फक्त पुरेशी जवळ आणतां येते.

त्याच वर्षीं कॉर्नेलच्या मंडळींनीं जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो वाचून ब्रुनेलेस्कीस आनंद झाला असता. त्यांनीं खरी पेटी आणि संगणकानें काढलेलें तिचें चित्र कॅमेऱ्यांच्या कांचांवर शेजारीं शेजारीं दाखविलें. खरें कोणतें, हें ओळखण्यांत प्रेक्षकांचें यश नाणेफेकीपलीकडे गेलें नाहीं.

पण पेटी ही पेटीच. झाडांच्या पानांतून गळणारें ऊन किंवा ढगाळ दुपार अशा हिशेबांत कशी बसवावी? येथें इतिहास वळसा घालून पुन्हां चांदीकडे आला. पॉल डेबेव्हेक यानें जितेंद्र मलिक यांच्यासह १९९७ सालीं कमीअधिक उजेड घेतलेलीं अनेक छायाचित्रें जुळवून जागेंतील तेजाचें खरें प्रमाण टिपण्याची रीत दिली. पुढल्याच वर्षीं त्यानें आरशासारखा चकचकीत गोळा प्रत्यक्ष जागीं ठेवून, त्यांत उमटलेलें चौफेर तेज या रीतीनें टिपलें, आणि रचलेल्या वस्तूंवर तोच प्रकाश टाकला. वस्तु त्या जागेच्या होऊन गेल्या. अशा रीतीनें त्यानें जमविलेल्या प्रकाशांत फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयाच्या अंगणांतील प्रकाशहि आहे. ब्रुनेलेस्कीची फळी ज्या बाप्तिस्मागृहासमोर धरली गेली, तेथून हें अंगण पायीं थोड्याच अंतरावर आहे. चांदीच्या पत्र्याचा गोळा झाला होता. युक्ति तीच होती. आज मोबाईलहि कॅमेऱ्यावरून खोलींतील उजेडाचा अंदाज घेऊन पडद्यावरच्या खुर्चीस तो देऊं पाहतो. अंदाज चुकला कीं वडील मंडळी नाक मुरडतात.

प्रकाश आला, तरी काम संपलें नाहीं. कारण पाहणें हें प्रकाशानें पुरें होत नाहीं, तें डोळ्यानें पुरें होतें. भर दुपारच्या उन्हाचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या लाखों पट असतो, आणि डोळा दोहोंतहि आपलें काम भागवितो. एवढा पल्ला हेडसेटच्या पडद्यास झेपत नाहीं. म्हणून सूर्य दाखवावयाचा तर त्याच्या भोंवतीं डोळ्यांत पसरणारें तेजोवलय रंगवून डोळ्याला फसवावें लागतें. सदरलँडसारख्या अर्धपारदर्शक यंत्रांत तर निराळीच अडचण आहे. खऱ्या प्रकाशांत तीं भर घालूं शकतात, वजाबाकी करूं शकत नाहींत. म्हणून काळा रंग तेथें पारदर्शक होतो आणि सांवली पडत नाहीं. याहून गंभीर अडचण व्हीट्स्टनच्या यंत्रापासून चालत आली आहे. जवळची वस्तु पाहतांना आपले डोळे आंत वळतात आणि त्यांतील भिंगहि त्याच अंतरास जुळतें. हेडसेटमध्यें डोळे वळतात, पण पडद्याचें अंतर बहुधा ठरलेलेंच असल्यानें भिंगास दुसरी आज्ञा मिळते. या विसंगतीनें डोळे शिणतात, हें बर्कली येथील संशोधकांनीं २००८ सालीं प्रयोगानें दाखविलें.

या विद्येंत आणखी जी एक युक्ति पुढें आली आहे, तिनेंच आम्हांस विचारांत पाडलें आहे. डोळ्यास मध्यावरील अवघ्या दोन-एक अंशांतच बारकावे दिसतात. बाकीचें सारें अंधुक असतें. तेव्हां नजर जेथें आहे तेथेंच चित्र बारकाईनें काढावें, आणि अन्यत्र काटकसर करावी, ही युक्ति फार फलदायी आहे. पण त्यासाठीं नजर कोठें आहे हें यंत्रास कळलें पाहिजे. म्हणून ॲपलच्या २०२४ सालीं विक्रीस आलेल्या व्हिजन प्रोसारख्या हेडसेटांत बाहेरचें जग टिपणारे कॅमेरे आहेत, तसे आंत डोळ्यांवर रोखलेलेहि आहेत. प्रथम सृष्टीपासून प्रकाश उसना घेतला. आतां पाहणाऱ्यापासून त्याची नजर उसनी घेतली जात आहे. आणि नजर ही साधी वस्तु नव्हे. मनुष्य कशाकडे वळून पाहतो, कशावर थबकतो, कशापासून डोळे चुकवितो, यांत त्याचें पुष्कळसें अंतरंग उघडें पडतें. ही उसनवारी यंत्रांतच मिटते कीं कोणाच्या वहींत कायमची टिपली जाते, हा प्रश्न प्रकाशाच्या समीकरणाहून कमी महत्त्वाचा नाहीं, आणि तो केवळ शास्त्रज्ञांवर सोडून चालणार नाहीं. ज्या घरांत अशीं यंत्रें मुलांच्या हातीं येतात, त्या घरानें तो विचारला पाहिजे.

या विद्येविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. पाहणें म्हणजे काय, हें तिनें आपणांस शिकविलें आहे. चुन्याच्या भिंतीवरील तांबडी झांक आपण रोज पाहत होतों. तिचा हिशेब मांडूं लागल्यावरच ती किती अवघड आहे हें कळलें. पण या सहाशें वर्षांच्या कथेंत ब्रुनेलेस्कीच्या फळीचा एक गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आरसा पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हातांत होता. तो खालीं घेतला, कीं त्याच भोंकांतून समोरचें खरें बाप्तिस्मागृह दिसे, आणि त्यावरून तेच ढग जात असत.