ल्युकसच्या कामगारांचा आराखडा

इंग्लंडमध्ये संरक्षणखर्चाची चर्चा निघाली की मला ल्युकस एअरोस्पेसचे कामगार आठवतात. कंपनीचे जवळजवळ निम्मे उत्पादन लष्करासाठी होई. नोकरकपातीचे सावट आले तेव्हा कामगार प्रतिनिधींनी कामगारांनाच विचारले: आपल्या हातून समाजाच्या गरजेचे काय घडेल? १९७६ च्या आराखड्यात अशा सुमारे १५० वस्तू होत्या: डायलिसिस यंत्रे, हीट पंप, रस्त्यावर नि रुळांवरही धावणारी बस. व्यवस्थापनाने तो फेटाळला. पुढाकार घेणाऱ्या माइक कूलींची नोकरीही पुढे गेली. आज मात्र हीट पंपासाठी इथले सरकारच अनुदान देते. 'शस्त्रे नकोत' म्हणताना त्यांनी पोटाचा प्रश्न टाळला नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.