दप्तराची मांडणी आणि वाचनाची मुभा

उदगीरजवळच्या एखाद्या गावचा जुना महसुली कागद शोधावयाचा झाल्यास अभ्यासकाने प्रथम कोठे जावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात गेले. किनवट याचप्रमाणे आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात आले. गावे जागची हलली नाहीत. त्यांचे कागद ज्या नावाखाली बांधले जावयाचे ते नाव मात्र बदलत गेले. त्यात कागद उर्दू, फार्सी किंवा मोडी. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या तपासासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, त्या वेळी ज्या कुटुंबांचे दाखले अशा नोंदींवर अवलंबून होते त्यांच्या लेखी दप्तराची मांडणी ही निव्वळ कारकुनी बाब राहिली नाही.

विद्यापीठातील विभागाचा विद्यार्थ्यांसाठी असलेला नेटवर्क ड्राइव्ह हे अशाच दप्तराचे आजचे रूप होय. 'दप्तर' हा शब्दच पाहावा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे. फार्सीतून तो मराठीत आला, आणि आज सरकारी अभिलेखांना व शाळकरी मुलाच्या पिशवीलाही तोच लावतात. 'फडणीस' या पदनामातील 'नीस' म्हणजे लिहिणारा. जुन्या राज्यव्यवहारात कागद लिहिणारा, जपणारा आणि दाखविणारा पुष्कळदा एकच असे, व ते काम बहुधा वंशपरंपरेने चाले. त्यामुळे कागद कोठे आहे हे ठाऊक असणे आणि तो पाहण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टींत भेद करण्याची गरज फारशी पडली नाही.

हा भेद ठळक झाला तो पेशवे दप्तराच्या बाबतीत. १८१८ नंतर हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. मोडी कागदांचे हजारो रुमाल पुण्यात बांधून ठेवले होते, म्हणजे मांडणी होती, मुभा नव्हती. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो वाईस मिळालेल्या कागदांवरून, आणि पुढेही त्यांची भिस्त खाजगी घराण्यांच्या संग्रहांवरच राहिली. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले निवडक पेशवे दप्तराचे ४५ खंड निघाले ते १९३० नंतर. मधल्या काळात मराठ्यांच्या इतिहासाला जे वळण लागले, त्यात कोणाला कोणता रुमाल सोडता आला याचा वाटा मानला जातो त्याहून मोठा आहे.

संगणकाच्या क्षेत्रात या दोन गोष्टींचा विचार एकत्र झाला तो १९६५ साली, डेली आणि नॉयमन यांच्या मल्टिक्सविषयीच्या निबंधात. फोल्डरच्या पोटात फोल्डर अशी वृक्षाकार रचना व प्रत्येक शाखेवर वाचण्या-लिहिण्याच्या अधिकारांची यादी, अशी ती कल्पना. पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स तयार झाली. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या पुस्तिकेत फाइलचा धनी आणि इतर असे दोनच वर्ग आढळतात. 'गट' हा तिसरा वर्ग मागाहून आला. एकट्याने टिपणे ठेवणाऱ्यास दोन वर्ग पुरतात. तीन-चार जण मिळून बोलीचे सर्वेक्षण करू लागले की गटावाचून चालत नाही.

युनिक्सच्या नियमांत एक बारकावा आहे. फोल्डरच्या बाबतीत 'वाचणे' म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, आणि आत शिरण्याची परवानगी निराळी. दुसरी आहे व पहिली नाही, अशा स्थितीत ज्यास फाइलचे नेमके नाव ठाऊक असेल त्यास ती उघडता येते, पण आत आणखी काय आहे ते कळत नाही. रुमालाचा क्रमांक सांगितला तर रुमाल मिळेल, सूची मात्र मिळणार नाही, असे सांगणाऱ्या अभिलेखागारासारखेच हे झाले. याहून घातक ठरते ती फाइल पुसण्याची मुभा. ती फाइलवर नसून फोल्डरवर लिहिण्याच्या अधिकारावर अवलंबून असते. सामायिक फोल्डर सर्वांना लिहिण्यास खुले ठेवले, तर ज्या प्रबंधाचे एक अक्षरही सहाध्यायाला बदलता येत नाही तो समूळ नाहीसा करणे त्याला शक्य असते. यावर फाइलच्या वा फोल्डरच्या धन्यानेच पुसावे, असे बंधन बर्कलीच्या १९८६ च्या आवृत्तीत आले. विंडोजवरील ड्राइव्हची रीत वेगळी: तेथे वाटपाची परवानगी आणि फाइलची परवानगी यांतील जी कडक तीच लागू होते. सर्वाधिकार देऊनही विद्यार्थ्यास लिहिता का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

मराठी नावांचा घोळ निराळाच. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना रूप एकच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. त्यामुळे 'दुसऱ्या सत्राचे प्रबंध' या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि शोध घेणाऱ्यास त्यांतील एकच सापडतो.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा मुख्य परिसर नांदेडला आणि उपपरिसर लातूरला आहे. अशा ठिकाणी कागद एका गावी व वाचणारा दुसऱ्या गावी, ही नित्याचीच स्थिती. फोल्डरला व्यक्तीचे नाव देण्याची सवय अशा वेळी नडते. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, त्याचे खाते बंद होते, आणि तीन वर्षे जमविलेल्या ध्वनिमुद्रणांना धनी उरत नाही; ती जागच्या जागी असतात, पण उघडत नाहीत. फोल्डर तालुक्याच्या व सर्वेक्षणवर्षाच्या नावाने ठेवून मालकी गटाकडे दिली, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला निदान कुलूप लागलेले दिसत नाही. तालुक्याचे नाव घेतानाही सोबत जिल्हा लिहावयाचा, तर तो कोणत्या सालचा हे नोंदवावे लागते. उदगीरची कागदपत्रे बीदरच्या नावाने शोधणाऱ्यास ते वेगळे सांगावयास नको.