सेकंदाला २०० सेंटिमीटर

सिकलसेल या रक्तविकारात प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन आपसात चिकटून ताठ धाग्यांसारखे होते आणि तांबडी पेशी विळ्याप्रमाणे वाकते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हे इंग्रजी नावच घरोघरी रुळले आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन केले. हा आजार असलेल्या मुलांना पक्षाघात होतो तो वाकड्या पेशी मेंदूच्या केशवाहिन्यांत अडकल्याने, असा समज पुढे बराच काळ प्रचलित होता. क्ष-किरणांत दिसणारा द्रव वाहिनीत सोडून काढलेल्या चित्रांनी १९७२ मध्ये तो मोडला. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्याच अरुंद झालेल्या, क्वचित बुजलेल्या आढळल्या. या शोधाचे मोल फार मोठे आहे, कारण केशवाहिनीतला अडथळा आधी हेरणे अशक्यप्राय असले, तरी मोठी धमनी बाहेरून तपासता येते.

ती तपासण्याचे साधन मात्र निराळ्याच घराण्यातून आले. हलत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, हा नियम ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. कवटीचे हाड श्राव्यातीत ध्वनीला अडवते, पण कानशिलापाशी ते पातळ असते. तेथून २ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी आत धाडून धमनीतील रक्ताचा वेग मोजण्याची रीत रुने आस्लिद यांनी १९८२ साली दाखवली. नळीचे तोंड दाबले की पाण्याची धार जोर धरते, तसे अरुंद धमनीत रक्त वेगाने धावते. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील रॉबर्ट अॅडम्स यांनी हीच खूण धरली आणि असा वेग वाढलेल्या मुलांना पुढे पक्षाघाताचा धोका अधिक असतो, हे १९९२ मध्ये दाखवले.

तपासणीत मुलाच्या कानशिलाला जेल लावून पेन्सिलीएवढा शोधक टेकवतात आणि यंत्रातून नाडीच्या लयीत फुसफुस ऐकू येते. मूल जागे असावे लागते, कारण झोपेत रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून वेगही फसवा वाढतो. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक भरलेल्या १३० मुलांची विभागणी करून एका गटाला नियमित रक्त देण्यात आले. दुसऱ्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला, रक्त मिळालेल्यांत एकालाच, आणि म्हणून तो प्रयोग मुदतीपूर्वी थांबवून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेग उतरल्यावर रक्त देणे बंद केले, तर अनेकांत तो पुन्हा चढतो, हे २००५ मध्ये कळले.

या ध्वनीलाही एक मर्यादा आहे. कोणतेही लक्षण न दाखवता मेंदूत राहून गेलेले, रक्ताअभावी मेलेल्या ऊतीचे बारीक डाग त्याला ऐकू येत नाहीत. ते केवळ चुंबकीय चित्रणातच दिसतात.