लाकडी गॅलरीचा दोष काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. त्याला लागूनच असलेल्या खासबाग मैदानाचं व्यासपीठही गेलं. तेव्हापासून एक वाक्य मी सारखं ऐकतोय : "जुनं लाकूड म्हणजे धोका, पाडा आणि काँक्रीटचं बांधा." कोल्हापूर फुटबॉलवेडं आहे, म्हणून उत्तर फुटबॉलच्या मैदानावरूनच देतो.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड शहराच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी जुनी लाकडी गॅलरी होती. ११ मे १९८५ रोजी मोसमातला शेवटचा सामना होता. ब्रॅडफर्ड सिटीनं तिसऱ्या डिव्हिजनचा चषक जिंकलेला, त्यामुळे गर्दी मोठी. गॅलरीच्या फळ्यांच्या फटींतून कित्येक वर्षं कागद, कचरा खाली पडून साचला होता. त्याबद्दल आदल्या वर्षी लेखी इशाराही मिळाला होता. त्या दिवशी त्या कचऱ्यावर काडी किंवा सिगरेट पडली. वर लाकडी छत, त्यावर डांबराचा थर. पाच मिनिटांच्या आत सगळी गॅलरी पेटली. मागच्या बाजूला पळालेल्यांना दारं कुलूपबंद मिळाली. ५६ माणसं गेली.

आता दुसरी गॅलरी बघा. इंग्लंडच्याच पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यार्मथ गावात १८९२ साली बांधलेली लाकडी गॅलरी आजही उभी आहे. फुटबॉलच्या जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी गॅलऱ्यांमध्ये तिची गणना होते आणि सरकारच्या संरक्षित वारसा यादीत तिचं नाव आहे. लंडनमध्ये फुलहॅम क्लबची १९०५ ची गॅलरीही अशीच संरक्षित. तिथं आजही लोक जुन्या लाकडी खुर्च्यांवर बसून सामने बघतात.

लाकूड दोन्हीकडे होतं. फरक पडला तो देखभालीनं.

मग हे जपायचं कशासाठी? सव्वाशे वर्षांपूर्वी साधी माणसं खेळ कशी बघायची, सुताराला कुठला सांधा कसा जमायचा, मागच्या रांगेतल्या माणसाचा विचार कोणी केला होता, हे त्या इमारतीत बसल्यावर कळतं. फोटोत कळत नाही. आपल्या खासबागचंच घ्या. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पूर्ण करून घेतलेलं हे मैदान वाडग्यासारखं आहे. कुठंही बसा, आखाडा दिसतो. तिकीट कितीचं का असेना, कुस्ती सगळ्यांना दिसली पाहिजे, हा विचार त्या उतारात आहे. तो पाडून नवं बांधलं तर खुर्च्या मिळतील, हा विचार मिळेलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्या पेठेतल्या जुन्या तालमीत, नाट्यगृहात, मैदानात गेलात की चार गोष्टी विचारा. वायरिंग शेवटचं कधी तपासलं? फळ्यांखालचा कचरा कोण काढतं? कार्यक्रम चालू असताना मागचं दार उघडं असतं का? आग विझवायला पाणी कुठून येणार?

उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. वारसा जपायची सुरुवात तिथूनच होते.